गाय आली, वैरण कुठे? यवतमाळचे पशुधन आणि आपली भूतदया

१/
१ जुलै २००६. शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्या सहांपैकी एक. थकीत व्याजाची माफी, सिंचन आणि बियाणे यांच्या जोडीला त्यात पशुधनाचीही तरतूद होती. अधिक दूध देणाऱ्या गाई अनुदानावर द्यायच्या, म्हणजे दुधावर घर सावरेल, हा हिशोब. गाईला पूज्य मानणाऱ्या मुलखात ही योजना टीकेची धनी का झाली?

२/
उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. येथील गोवंशाची ओळख दुधापेक्षा कष्टाची होती. नांगर, वखर, डवरा आणि बंडी बैलाच्या खांद्यावर चालत. गाईचे मोल ठरे ते तिच्या पोटी येणाऱ्या गोऱ्ह्यावरून.

३/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडी कापसाचा भाव कडाडला. पडीक आणि चराऊ जमिनी नांगराखाली आल्या. दुसरीकडे जंगले राखीव झाली, चराईला शुल्क लागले. १८७१ च्या कायद्याने भटकलेले जनावर कोंडवाड्यात जाऊ लागले. गुरांची भूमी अशी दोन्ही बाजूंनी आक्रसत गेली.

४/
त्याची किंमत दुष्काळात कळली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये पाऊस रुसला, तेव्हा माणसांबरोबर गुरेही मोठ्या संख्येने दगावली. धान्य रेल्वेने आणता येई; गावभरच्या गुरांना पुरेल एवढी वैरण आणणे त्याहून कितीतरी अवघड होते.

५/
गावाची स्वतःची एक व्यवस्था होती. सकाळी आखरावर गुरे जमत, गायकी ती ‘ई-क्लास’ जमिनीवर चारायला नेई. ज्वारी माणसाला भाकर देई आणि जनावराला कडबा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकले जात. हे चित्र निखळ गोड नव्हते. खांदा शेकणाऱ्या हातात एरवी पराणीही असे. परंतु जनावर जगवण्याचा भार एकट्या मालकावर नव्हता. त्यात गावाचा वाटा होता.

६/
याच प्रश्नाकडे युरोप वेगळ्या वाटेने आला. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ या पुस्तकाने कारखानी पशुपालनाचे वास्तव ब्रिटिश जनतेसमोर मांडले. १९६५ मध्ये ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला आणि पुढे त्यातूनच प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’ची कल्पना आकाराला आली. त्यांतले पहिले स्वातंत्र्य भूक आणि तहान यांपासूनचे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला.

७/
त्या पुस्तकानंतर जनमानसात एक समीकरण रुजले: हजारो जनावरांचा बंदिस्त गोठा म्हणजे क्रौर्य, आणि शेतकऱ्याच्या दारची एकटी गाय म्हणजे सुख. यवतमाळने या समीकरणाचा दुसरा भागच खोटा ठरवला. अधिक दूध देणाऱ्या गाईला हिरवा चारा, ढेप, मुबलक पाणी, सावली आणि वेळेवर पशुवैद्य लागतो. कोरडवाहू यवतमाळात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतल्यामुळे कडबाही आटला होता.

८/
पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा विदर्भातून लिहिलेल्या वृत्तांतांत याचा परिणाम दिसतो. दुधाच्या उत्पन्नापेक्षा खुराकाचा खर्च जड झालेली घरे त्यांना भेटली. दारची गाय कुणी घेऊन गेले तर बरे, असे म्हणण्याची पाळी काहींवर आली होती. कर्जबाजारी घरात आणखी एक उपाशी जीव आला होता.

९/
येथे कायद्याकडे पाहावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ सांगते की जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणारा मालक दोषी. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. बाजूने आणि विरोधात श्रद्धेचे, आहाराचे, व्यापाराचे मुद्दे मांडले गेले. औताला न चालणाऱ्या म्हाताऱ्या बैलाची गव्हाण कोण भरणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

१०/
पशुकल्याणाची चर्चा पिंजऱ्यापाशी आणि सुरीपाशी घुटमळते, शासकीय योजना लिटरपाशी. वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा इतिहास गव्हाणीकडे बोट दाखवतो. कायदा मालकाला जबाबदार धरतो, पण ती गव्हाण भरणारी चराऊ जमीन आणि ज्वारीचे शेत ज्या धोरणांनी हिरावले, त्यांना कोणतेही कलम लागू होत नाही. यापुढे यवतमाळात गाय वाटायची असेल, तर ती किती दूध देते हे नंतर विचारावे. गावात ज्वारी किती पेरली जाते आणि ‘ई-क्लास’ किती उरला, हे आधी मोजावे.