पालघर लोकसभा-मतदारसंघ : त्याची घडण, त्याचे मतदार आणि किनाऱ्याचें स्थान

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराचा व धर्मग्रामाचा इतिहास अन्यत्र यावयाचा आहे. आम्हीं येथें निराळ्याच एका इतिहासास हात घातला आहे. आपण मुरबेकर ज्या मतदारसंघांतून दिल्लीस प्रतिनिधि पाठवितों, तो कसा बनला, त्यांत कोण कोण राहतात आणि त्यांच्या गर्दींत आपलें मत कोठें जाऊन पडतें, हें सांगावें असा हेतु आहे. विषय देवळाच्या अंगणाबाहेरचा वाटेल खरा. परंतु बंदराची वार्ता ज्या गांवाच्या दाराशीं येऊन ठेपली आहे, त्या गांवानें आपला खासदार कोणाच्या मतांनीं निवडून येतो हें समजून घेतलेलें बरें.

प्रथम एक जुनी गोष्ट. १९३५ च्या कायद्याखालीं मुंबई इलाख्याच्या विधिमंडळांत हिंदी ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र जागा होत्या व त्या जागांसाठीं ख्रिस्ती मतदारांनींच मत द्यावें अशी व्यवस्था होती. मताचा अधिकारही सर्वांस नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण ह्यांची अट असल्यामुळें होडीवर पोट भरणारा बहुतेक समाज यादीबाहेरच राही. पुढें घटना समितींत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न निघाला, तेव्हां ख्रिस्ती प्रतिनिधींनीं त्या सोडून देण्याची बाजू घेतली. समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा हेही त्याच मताचे होते. मे १९४९ मध्यें धार्मिक अल्पसंख्याकांसाठीं जागा राखून ठेवूं नयेत असा निर्णय झाला, आणि ख्रिस्ती मतदार हा सर्वांबरोबर एकाच यादींत नांव असणारा व एकाच पेटींत मत टाकणारा मतदार झाला. आमच्या मतें तो निर्णय शहाणपणाचाच होता. मात्र त्यामुळें लहान समाजास शेजाऱ्याशीं बोलल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. आजचा पालघर जिल्हा तेव्हां ठाणें जिल्ह्याचा भाग होता, आणि ठाणें मतदारसंघांतून दोन खासदार जात. पहिल्या खेपेस अनंत नंदकर व गोविंद वर्तक हे दोघेही काँग्रेसचे निवडून आले. पुढच्या खेपेस, म्हणजे १९५७ सालीं, चित्र पार पालटलें. त्याचें मूळ डहाणू व उंबरगांव तालुक्यांतील रानांत होतें. तेथील वारल्यांनीं वेठबिगार व लग्नगडी ह्या पद्धतींविरुद्ध १९४५ सालापासून किसान सभेच्या झेंड्याखालीं लढा मांडला होता. शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य त्यांचें पुढारी होतें. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडें येथें गोळीबार होऊन पांच आदिवासी मारले गेले. ज्यांनीं कधीं सावकाराच्या पुढें खाटेवर बसण्याचें धाडस केलें नव्हतें, त्यांच्या हातीं मतपत्रिका आली. त्यांतच संयुक्त महाराष्ट्राची लाट उसळली, आणि १९५७ सालीं शामराव परुळेकर व लक्ष्मण मातेरा हे दोघे कम्युनिस्ट ठाण्याहून लोकसभेंत गेले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले. १९६२ सालीं जव्हार संस्थानचे महाराज यशवंतराव मुकणे हे भिवंडीहून व १९६७ सालीं डहाणूहून काँग्रेसतर्फे निवडून आले. मुकणे घराणें महादेव कोळी जमातीचें. म्हणजे राजाही आदिवासी आणि मतदारही आदिवासी, असा हा योग होता. डहाणू हा अनुसूचित जमातींसाठीं राखीव मतदारसंघ पुढें चाळीस वर्षें टिकला. १९७१ सालीं लक्ष्मण दुमाडा, १९७७ सालीं मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम, आणि १९८० पासून लागोपाठ चार वेळां काँग्रेसचे दामोदर शिंगडा, असा क्रम लागतो. १९९६ सालीं भारतीय जनता पक्षाचे वकील चिंतामण वनगा आले, १९९८ सालीं काँग्रेसचे शंकर नम, १९९९ सालीं पुन्हां वनगा, आणि २००४ सालीं पुन्हां शिंगडा. नांवांची ही यादी वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. पक्ष बदलले, परंतु झुंज प्रायः रानांतल्या पाड्यांवरच लढली जात होती.

ती स्थिति २००८ च्या पुनर्रचनेनंतर राहिली नाहीं. डहाणूचें नांव जाऊन पालघर आलें, आणि डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा व वसई ह्या सहा विधानसभा-मतदारसंघांचा मिळून हा मतदारसंघ झाला. त्यांतील पहिले चार आदिवासींसाठीं राखीव आहेत, शेवटचे दोन खुले. महाराष्ट्रांत लोकसभेच्या चार जागा अनुसूचित जमातींस राखीव आहेत : नंदुरबार, दिंडोरी, गडचिरोली-चिमूर व आपली. पहिल्या तिघींत कोठेंही मुंबईच्या लोकलगाड्या जात नाहींत. आपल्या जागेचें वैचित्र्य तेथेंच आहे.

आंकडे पाहूं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणें २९,९०,११६ होती. त्यांत अनुसूचित जमाती शेंकडा ३७ हून किंचित् अधिक. आतां तालुकेवार वांटणी बघावी. एकट्या वसई तालुक्यांत १३,४३,४०२ माणसें, पालघर तालुक्यांत ५,५०,१६६, डहाणूंत ४,०२,०९५, तलासरींत १,५४,८१८. जव्हार, मोखाडा व विक्रमगड हे तीन डोंगरी तालुके एकत्र केले तरी ३,६१,२६५ च्या पुढें बेरीज जात नाहीं. (वाडा तालुक्याचा कांहीं भाग भिवंडीच्या मतदारसंघांत मोडतो, म्हणून तो आम्हीं येथें धरला नाहीं.) जव्हार-मोखाड्यांत दहांतील नऊ माणसें आदिवासी, नालासोपाऱ्याच्या चाळींत कोंकणांतून, देशावरून, गुजराथेंतून व उत्तर हिंदुस्थानांतून आलेलीं कुटुंबें. जागा राखीव झाली ती डोंगराच्या मनुष्यगणनेमुळें, आणि तिचा तराजू मात्र उपनगराच्या वजनानें झुकतो. नालासोपारा ह्या एका विधानसभा-मतदारसंघांत इतर बहुतेकांच्या जवळजवळ दुप्पट मतदार आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून लोकलगाडी डहाणूरोडपर्यंत येऊं लागली, आणि उपनगराची सीमा विरारहून उत्तरेकडे सरकूं लागली. आपल्या पालघर-बोईसरच्या रुळांलगत इमारती उठत आहेत, त्या कोणास दिसत नाहींत?

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ सालची. वसई-विरारच्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव २,२३,२३४ मतें मिळवून निवडून आले. वनगा १२,३६० मतांनीं मागें पडले. शिंगडा तिसरे आणि कोम चौथे. रानाच्या मतांच्या तीन वांटण्या झाल्या व उपनगरानें एकवटून आपला मनुष्य पाठविला, असा त्या निकालाचा अर्थ आम्ही लावतों. २०१४ सालीं देशभर वारें निराळें होतें. वनगांनीं जाधवांस २,३९,५२० मतांनीं मागें टाकलें.

३० जानेवारी २०१८ रोजीं वनगा दिल्लीस निधन पावले. २८ मे रोजीं झालेली पोटनिवडणूक मात्र साऱ्या महाराष्ट्रानें डोळे लावून पाहिली, कारण राज्यांत एकत्र सत्तेवर असलेले दोन पक्ष येथें एकमेकांसमोर उभे राहिले. वनगांचे पुत्र श्रीनिवास हे शिवसेनेचे उमेदवार झाले, आणि काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित हे भारतीय जनता पक्षाचे. गावितांस २,७२,७८२ मतें पडलीं, श्रीनिवास वनगांस २,४३,२१० आणि जाधवांस २,२२,८३८. विजयी उमेदवाराच्या वांट्यास एकूण मतांचा तिसरा हिस्साही आला नाहीं. २००९ सालीं हेंच घडलें होतें. वर्षभरांत, २०१९ सालीं, दोन्ही पक्षांची पुन्हां युति झाली व तेच गावित शिवसेनेच्या धनुष्यबाणावर ८८,८८३ मतांनीं विजयी झाले. उमेदवार तोच, चिन्ह निराळें. मतदारानें दोन्ही वेळां तें निमूटपणें स्वीकारलें, ह्याचा आम्हांस आजही थोडा अचंबा वाटतो. २०२४ सालीं भारतीय जनता पक्षाचे डॉ. हेमंत सवरा ६,०१,२४४ मतांनीं निवडून आले. उद्धव ठाकरे ह्यांच्या पक्षाच्या भारती कामडी ह्यांच्याहून त्यांस १,८३,३०६ मतें अधिक होतीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विधानसभेच्या निवडणुकींत बहुजन विकास आघाडीच्या हातून वसई, नालासोपारा व बोईसर ह्या तिन्ही जागा गेल्या. डहाणूची जागा मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले ह्यांनीं राखली. वारल्यांच्या लढ्याचा धागा तेथें अद्याप तुटलेला नाहीं.

ह्या साऱ्यांत किनारा कोठें आहे? सातपाटी व मुरबे हीं खाडीच्या दोन कांठांवरचीं गांवें. पापलेट, बोंबील व जाळीं हा आपला व्यवहार. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसरला औद्योगिक वसाहत आली, आणि पुढें केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें, न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असतांना, १९९८ सालीं नाकारला होता. त्याच प्राधिकरणानें ३१ जुलै २०२३ रोजीं नव्या प्रस्तावास मंजुरी दिली. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटि रुपयांच्या ह्या कामास मान्यता दिली, व ३० ऑगस्ट रोजीं पंतप्रधानांनीं पायाभरणी केली. मुरबे येथेंही बंदर उभारण्याचा प्रस्ताव पुढें आलेला आहे.

किनाऱ्यावरील मच्छीमार संघटनांनीं वाढवणास कसून विरोध केला, तो सर्वश्रुत आहे. तरीही निकालांतील अंतर जवळजवळ दोन लाखांचें होतें. ह्यावरून इतर मतदारांस बंदर हवेंच होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. एकवीस लाखांवर मतदारांच्या ह्या प्रदेशांत तो प्रश्न मुख्यतः आपल्याच दारांत विचारला गेला. नालासोपाऱ्यांत विचारीत होते तें नळाचें पाणी व गाडींतली गर्दी. मोखाड्यांत विचारीत होते तें काम व उन्हाळ्यांतली विहीर. आणि हे प्रश्न एकमेकांस अडविणारेही आहेत. डहाणू-पालघरच्या शेतीसाठीं बांधलेल्या सूर्या प्रकल्पाचें पाणी वसई-विरारकडे वळलें, तेव्हां वरच्या शेतकऱ्याची तक्रार खालच्या भाडेकरूस कळली नाहीं. दोघेही एकाच खासदारास मत देतात.

आमच्या समाजाचें स्थान ह्यांत नाजूक आहे. ह्या मतदारसंघांतील कॅथलिकांची दाट वस्ती वसईच्या पट्ट्यांत आहे. उत्तरेकडे आपण विखुरलेले आहों. जागा राखीव असल्यानें अनुसूचित जमातींतील व्यक्तीवांचून कोणास उमेदवार होतां येत नाहीं. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य वाटतें. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशांत धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशांत तशी अट नाहीं. म्हणून ख्रिस्ती झालेला आदिवासी हा आदिवासीच राहतो, आणि त्यास ह्या जागेवर उभे राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. इतर आपण सारे, मग ते मांगेले असोत, वाडवळ असोत कीं कुपारी, केवळ मतदार आहों. ज्यांना स्वतः उभें राहतां येत नाहीं, त्यांनीं उभ्या राहणाऱ्यास मतदानापूर्वीं गांवांत बोलावून प्रश्न विचारावे. निकालानंतर निवेदनें घेऊन फिरण्याची आपली जुनी रीत आम्हांस फारशी फलदायी दिसलेली नाहीं.

लोकसभेच्या जागांची संख्या २००१ च्या चौऱ्यायशीव्या घटनादुरुस्तीनें २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली गेली. त्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ हा ठरविण्यांत आला. फेब्रुवारी हा आपल्या बोटी दिवसचे दिवस समुद्रांत असण्याचा महिना. गणक दारीं येईल तेव्हां घरांत असणाऱ्या स्त्रियांनीं व वृद्धांनीं बोटीवर गेलेल्या प्रत्येकाचें नांव, वय व धंदा नीट सांगून लिहवून घ्यावा.