किनारा, बाजार, घाट: सिंधुदुर्गाची एक वाट

हिंगोली आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा वाढदिवस एकच, १ मे. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली. बाकी आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून सुट्टी लागली की मालवणचा बेत ठरतो. तीन दिवसांत बीच, सावंतवाडी, आंबोली. मोबाइलमध्ये तीन वेगळी रील्स. पण इतिहासात किनारा, गाव आणि डोंगर ही एकाच वाटेची ठाणी होती. माल बंदरात उतरायचा आणि घाटाने देशावर चढायचा. ही वाट ज्याच्या हाती, त्याचा वचक थेट वरपर्यंत.

मालवणपासून सुरुवात करू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या काळी पोर्तुगीज अरबी समुद्रात व्यापारी जहाजांना आपला परवाना घ्यायला लावत. परवाना नसेल तर जहाज जप्त. जंजिऱ्याला सिद्दी होता, इंग्रज आणि डच होतेच. म्हणजे जमिनीवर कितीही मुलूख जिंकला तरी समुद्रावर दुसऱ्याची मर्जी सांभाळायची. सिंधुदुर्ग हे त्याला दिलेलं उत्तर. त्याचं महत्त्व इंग्रजांनाही कळत होतं. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव दिलं. पुढे तो कोल्हापूरकरांकडे परत आला, नाव मात्र सिंधुदुर्गच राहिलं.

दक्षिणेला वेंगुर्ल्यात डच वखारीच्या पडक्या भिंती दिसतात. सतराव्या शतकात, आदिलशाहीच्या काळात, डचांनी इथे बस्तान बसवलं. कारण सोपं होतं: गोवा जवळ. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद इथून मिळे. आणखी खाली शिरोडा, मिठागरांचं गाव. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. किनाऱ्यावरचं मूठभर मीठसुद्धा सत्तेचा प्रश्न असू शकतं, हे इथे उघड दिसलं.

किनाऱ्यापासून आत सावंतवाडी. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे कोल्हापूर, अशा कात्रीत सावंत-भोसल्यांनी संस्थान टिकवलं. आपण तिथून लाकडी खेळणी आणि गंजिफा घेऊन येतो.

मग आंबोली, उंची सुमारे ६९० मीटर. धबधब्याखाली भिजताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण हा घाटरस्ता इंग्रजांना हवा होता तो वेंगुर्ल्याचं बंदर बेळगावच्या छावणीला जोडायला. पुढे १८८० च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे मिळाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. वाट बदलली की बंदराचं नशीब बदलतं.

आंबोलीलाच हिरण्यकेशी उगम पावते. अरबी समुद्र इतका जवळ असून ती पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आपल्या कयाधूचं पाणीही पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तिकडेच पोचतं.

या गोष्टीत हिंगोलीही आहे. १९४७ मध्ये आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान मोठं, पण चारही बाजूंनी जमीन. स्वतंत्र राहायचं तर बंदर हवं, म्हणून निजामाच्या बाजूने गोव्यासाठी पोर्तुगीजांकडे चाचपणी झाली. जमलं नाही. शेवटी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रं आणली. विमानांत मावून मावणार किती? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली. निजामाच्या हाती एखादं बंदर आणि तिथून वर येणारा घाट असता, तर रझाकारांचे दिवस किती लांबले असते?

समुद्र नसणं ही आपण कमतरता समजतो. १९४८ मध्ये तीच आपल्या कामी आली.