कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपसाठी कागदपत्रांची जुळणी

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत ज्यांचा जन्मही येथलाच असे वडीलधारे थोडेच. कोणी मुंबईहून, कोणी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांतून, कोणी गोवा-मंगळूरकडून येऊन येथे स्थिरावले. त्यामुळे परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने आईवडिलांना किंवा पतीने पत्नीला स्पॉन्सर करावयाचे ठरविले की कोणता कागद कोठे मिळेल, हा पहिला प्रश्न उभा राहतो. एखाद्या सालातील वा अक्षरातील तफावतीने अर्ज महिनोन्महिने अडतो, आणि तोवर पती एका खंडात व पत्नी दुसऱ्या खंडात, अशी ताटातूट चालू राहते. म्हणून तफावत अर्ज भरण्यापूर्वी, आणि जेथे नोंद मुळात झाली तेथेच दुरुस्त करून घ्यावी. ऐनवेळी प्रतिज्ञापत्रांची ठिगळे लावीत बसू नये, असे आमचे सांगणे आहे.

आरंभ जन्मदाखल्यापासून करावा. जन्माची नोंद जन्मस्थळाच्या निबंधकाकडे असते. मुंबईच्या रुग्णालयात जन्मलेल्याने मुंबई महापालिकेच्या त्या विभागात अर्ज करावा. आज घर वसईत आहे म्हणून वसई-विरार महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही. जुन्या दाखल्यांत पुष्कळदा बालकाच्या नावाची जागा कोरी असते. ते नाव निबंधकाकडून रीतसर घालून घ्यावे, हाताने लिहू नये.

जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा असून बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची सरकारी नोंदच नाही. अशांनी प्रथम 'नोंद आढळत नाही' असा दाखला निबंधकाकडून घ्यावा, कारण त्याशिवाय दुय्यम पुरावा सहसा स्वीकारला जात नाही. येथे आपल्या धर्मग्रामातील नोंदवही कामी येते. अमेरिकेच्या आय-१३० अर्जाच्या सूचनांनुसार, जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत झालेल्या स्नानसंस्काराची, चर्चचा शिक्का असलेली नोंद दुय्यम पुरावा म्हणून चालते. तीत जन्मतारीख, जन्मस्थळ, संस्काराची तारीख व आईवडिलांची नावे असावी लागतात. बालकाचा स्नानसंस्कार पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो (कलम ८६७), आणि जन्माचा दिवस व स्थळ नोंदविण्याची आज्ञाही त्यातच आहे (कलम ८७७). तेव्हा धर्मग्राम कार्यालयात संक्षिप्त दाखला न मागता हा सर्व तपशील असलेला दाखला मागावा. चर्चची वा शाळेची नोंदही नसेल तर, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या आणि अर्जात पक्षकार नसलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे लागतात.

स्नानसंस्काराचा दाखला जेथे संस्कार झाला त्याच धर्मग्रामातून मिळतो. नोंदवहीतील मजकूर अर्जदाराच्या सोयीसाठी बदलता येत नाही. चूक खरोखरच असेल तर पुराव्यानिशी, बिशप कार्यालयाच्या संमतीने ती दुरुस्त होते, आणि त्याला वेळ लागतो. एका दिवसात 'दुरुस्त' दाखला आणून देणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. खोटा कागद उघडकीस आला की व्हिसाचा मार्गच बंद होऊ शकतो.

स्थळांच्या नावांनीही गोंधळ उडतो. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, वसई-विरार महापालिका २००९ साली आली आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघाला. त्यामुळे एकाच घराच्या जुन्या कागदावर 'ठाणे' व नव्यावर 'पालघर' असणे ही चूक नव्हे. हा खुलासा अर्जासोबत एका पानावर द्यावा.

नावांचे प्रकरण अधिक नाजूक. डिसोजा, डिमेलो, लोपीस या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे शाळेत एक, पासपोर्टात दुसरी. अपॉस्ट्रॉफीची चिंता नको; पासपोर्टाच्या यंत्रवाचनीय ओळीत ती येतच नाही. पण आईचे नाव एका मुलाच्या दाखल्यावर घरगुती आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर स्नानसंस्काराचे असेल, तर भावाने बहिणीसाठी केलेल्या अर्जात दोघे एकाच आईची लेकरे हे सिद्ध करणेच कठीण होते. अमेरिकेत या भावंडांच्या वर्गात भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक थांबावे लागते. इतक्या वर्षांनी साक्ष द्यायला आई हयात असेलच असे नाही. विवाहित स्त्रीचे माहेरचे व सासरचे नाव जोडणारा दुवा म्हणजे विवाहाचा दाखला. धर्मग्रामाच्या दाखल्याबरोबर महापालिकेच्या विवाह निबंधकाचा दाखलाही काढून ठेवावा.

अर्जात सर्व मुलांची नावे द्यावीत, मग ती सोबत जाणार असोत वा नसोत. पूर्वी कॅनडाला गेलेल्या काहींनी एखादे मूल लपविले आणि पुढे त्यालाच स्पॉन्सर करता येईना. तेथील नियम अघोषित सदस्याला वगळतो. २०१९ पासून काही सवलत मिळाली, पण तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. मुलांच्या वयाकडेही लक्ष असावे: कॅनडात अवलंबित अपत्याची मर्यादा २२ वर्षांखालील, अमेरिकेत २१ खालील.

स्पॉन्सर होणाऱ्याने स्वतःवर कोणता भार येतो हेही वाचावे. कॅनडात पती-पत्नीसाठीची हमी ३ वर्षांची, तर आईवडिलांसाठीची क्वेबेक वगळता २० वर्षांची असते. अमेरिकेचे आय-८६४ हमीपत्र घटस्फोटानेही संपत नाही. घरात भांडण झाले म्हणून हमी मागे घेता येईल, असे समजू नये.

मराठी दाखल्यांचे भाषांतर नातेवाइकाकडून करवू नये. कॅनडा ते स्वीकारत नाही. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्यावी, म्हणजे नावाचे स्पेलिंग तेच राहील. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात न देता प्रती द्याव्यात. बांद्रा-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला मूळ कागद लागतात. धर्मग्रामाकडे दाखला मागताना संस्काराचे नेमके साल आठवत नसेल तर आईवडिलांच्या विवाहाचे साल व थोरल्या भावंडाचे वय सांगावे, म्हणजे नोंदवही शोधणे सोपे जाते.