एका खोऱ्यातील भुंगेरा : संग्राहकांच्या नोंदी आणि चालण्याचा पुरावा

प्रस्तुत लेखात इटलीच्या पीडमाँट प्रांतातील सेसेरा खोऱ्यात आढळणाऱ्या ‘काराबुस ओलिंपिए’ या भूचर भुंगेऱ्याच्या नोंदींचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. विषय प्राणिशास्त्राचा असला, तरी त्याविषयीचा पुरावा कोणी व कशासाठी निर्माण केला, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

एउजेनिओ सेल्ला यांनी १८५५ साली या जातीचे वर्णन केले आणि आपल्या घराण्यातील ओलिंपिया हिचे नाव तिला दिले. हिरवट-सोनेरी झळाळी आणि अत्यंत मर्यादित वसतिस्थान, या दोन गुणांमुळे संग्राहकांमध्ये तिला मोठी मागणी आली. हा भुंगेरा उडू शकत नाही. रात्री जमिनीवर चालत गोगलगायींची शिकार करतो. साहजिकच एकाच खोऱ्यात सापळे लावणाऱ्याच्या हाती तो सहज लागे. वेचणी इतकी झाली, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात नामशेष झाल्याचे मानले गेले. १९४२ साली ती पुन्हा सापडली.

माझ्या मते ‘नामशेष’ हे विधान येथे भुंगेऱ्यापेक्षा नोंदींनाच अधिक लागू पडते. संग्राहकाची चिठ्ठी फार तर कीटक कोठे व कधी पकडला एवढे सांगते. तो कोठून आला, कोठे निघाला होता, याविषयी ती मौन पाळते. ज्या प्राण्याचे सारे भवितव्य चालण्यावर अवलंबून, त्याच्या चालण्याचीच नोंद नाही!

ही उणीव भरून काढणारी साधने फार उशिरा आली. नेदरलँड्समध्ये बार्स यांनी अन्य जातींच्या भुंगेऱ्यांना किरणोत्सारी खूण लावून त्यांचा माग काढला (आज अशा प्रयोगास परवानगी मिळेल का, याची शंकाच आहे). १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भुंगेरे कधी थोड्याशा जागेत दिशाहीन भटकतात, तर कधी एकाच दिशेने लांब पल्ला गाठतात, असे दिसून आले. जर्मनीत माडर यांच्या १९८४ सालच्या अभ्यासात मात्र जंगलातील भुंगेरे डांबरी रस्ता क्वचितच ओलांडतात, असे आढळले. लांब चालू शकणारा प्राणी काही मीटरांच्या उघड्या पट्ट्याशी थबकतो, ही बाब महत्त्वाची आहे. केवळ अंतर मोजून वावर कळत नाही. वाटेत काय आहे, तेही पाहावे लागते.

सेसेरा खोऱ्यातील भुंगेऱ्यांवर सूक्ष्म रेडिओ-प्रक्षेपक बसवून केलेला अभ्यास २००८ साली ‘युरोपियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. बीच वृक्षांचे जंगल आणि ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे हा या जातीचा आसरा. त्याच डोंगरउतारांवर गुरांची कुरणे आहेत, बर्फावरील स्की खेळासाठी मोकळे केलेले पट्टेही आहेत. अशी उघडी जागा तिला मानवत नाही.

युरोपीय समुदायाच्या १९९२ सालच्या अधिवास निर्देशाने या जातीला अग्रक्रमाचे संरक्षण दिले. त्यात पकडण्यावरील बंदी आणि वसतिस्थानाचे रक्षण, दोन्ही येतात. पहिली तरतूद संग्राहकांच्या काळाला उत्तर देते. दुसरीची व्याप्ती ठरवताना मात्र जंगलाचा तुकडा आणि झुडपांचा तुकडा स्वतंत्र आखून भागत नाही. त्या दोहोंमधील मोकळा पट्टा किती रुंद आहे, याचीही मोजणी करावी लागते.