सिंहासन आहे, सार्वभौमत्व नाही : आभासी यंत्राचा इतिहास

१/९
जालन्यातील एखाद्या महाविद्यालयाचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थ्याला लिनक्स शिकायचे आहे. परंतु काहीही नवे बसवू जाता अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो आणि तो त्याच्यापाशी नाही. अधिकाराविना संगणकाच्या आत दुसरा संगणक उभारता येईल काय? उत्तराची वाट निजामाच्या दरबारातून जाते.

२/९
एकोणिसाव्या शतकात जालना निजामाच्या राज्यात होते. निजामाला दरबार होता, महसूल होता, हाली सिक्का हे स्वतःचे नाणे होते. मात्र १७९८ आणि १८०० च्या तहांनंतर कंपनीच्या संमतीवाचून परराज्यांशी बोलणी करण्याची मुभा उरली नव्हती. जालन्यातही इंग्रजी छावणी होती. सिंहासन होते, सार्वभौमत्व नव्हते.

३/९
संगणकातही अशीच उतरंड आहे. १९६४ साली आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मध्ये प्रोसेसरच्या दोन अवस्था होत्या : एक राज्यकर्त्याची, दुसरी रयतेची. काही आज्ञा केवळ पहिल्या अवस्थेतच चालत. रयतेने त्या दिल्या, तर प्रोसेसर काम थांबवून राज्यकर्त्याला वर्दी देई.

४/९
याच वर्दीचा उपयोग अमेरिकेतील केंब्रिज येथे रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी केला. त्यांची सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये वापरात आली. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे! प्रत्येकातील ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःला राजा समजे, पण चाले रयतेच्या अवस्थेत. तिने राजाज्ञा दिली की सीपी ती मध्येच अडवी, तपाशी आणि तिच्या आभासी यंत्रापुरती अमलात आणी. सीपी म्हणजे जणू रेसिडेंटच.

५/९
म्हणजे आत चालणाऱ्या पाहुण्या प्रणालीला खरे अधिकार जन्मापासूनच नव्हते. अधिकार लागत ते रेसिडेंटला. मग रेसिडेंटही सामान्य प्रजाजन असू शकेल काय?

६/९
१९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी नियम मांडला : यंत्राच्या सत्तेला स्पर्श करणारी प्रत्येक आज्ञा अडवता आली पाहिजे. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये काही आज्ञा वर्दी न देताच निसटत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालता चालता बदलून मार्ग काढला. परंतु तिच्या सॉफ्टवेअरचा एक भाग थेट कर्नलमध्ये बसे. तो बसवायला अ‍ॅडमिन हवाच.

७/९
२००३ मध्ये फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी क्यूईएमयू प्रसिद्ध केले. ते पाहुण्या प्रणालीच्या सर्वच आज्ञांचा अनुवाद करू शकते. खऱ्या प्रोसेसरच्या सत्तेला हात लावण्याची गरजच उरत नाही. आभासी डिस्क म्हणजे आपल्या फोल्डरमधील एक फाईल. क्यूईएमयू स्वतः एखाद्या एडिटरसारखा साधा प्रोग्राम. येथे रेसिडेंटही प्रजाजनच ठरला!

८/९
किंमत मोजावी लागते ती वेगाची; अनुवादाला वेळ लागतो. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांची सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये आले. वेग वाढला, पण त्या दाराची किल्ली पुन्हा अ‍ॅडमिनकडे गेली. २०११ साली बेलार यांनी थेट ब्राउझरमध्ये लिनक्स चालवून दाखवले : बसवायचे काहीच नाही, म्हणून किल्लीही नको.

९/९
अ‍ॅडमिनचे काम अ‍ॅडमिन झाल्यावाचून शिकता येत नाही, आणि ज्याच्या घरी संगणक नाही त्याला ते अधिकार कोणी देत नाही. आभासी यंत्रात मात्र तो राजा असतो. सारी डिस्क पुसली तरी बिघडते ती एक फाईल. कक्ष अनेकांचा असल्याने तेथील कुलूपही योग्यच, म्हणून प्रयोगापूर्वी शिक्षकांची परवानगी घ्यावी. निजामासाठी सार्वभौमत्वाचा अभाव ही दुर्बलता होती. या विद्यार्थ्यासाठी तोच अभाव शिकण्याची संधी आहे.