रंग उडालेली गिटार

आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात मायकेल क्राउली यांचे वाद्यांचे दुकान होते. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात त्या दुकानात एक अमेरिकी विद्युत गिटार विक्रीस आली. मध्यभागी सोनेरी पिवळा आणि कडेला गडद तपकिरी होत जाणारा तिचा रंग मावळत्या सूर्याची आठवण करून देणारा होता. ती कोरी नव्हती. एका वादकाने वापरून परत केलेली होती. तरीही तिची किंमत जवळजवळ शंभर पौंड होती. त्या काळच्या आयर्लंडमधील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. ती गिटार घ्यायचीच असा ध्यास घेतलेला मुलगा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याचे नाव रॉरी गॅलहर.

या एका गिटारीचा साठ वर्षांचा प्रवास हा लेखाचा विषय आहे. वस्तू माणसाची कशी होते, माणूस गेल्यावर तिचे काय होते आणि तिच्यासारखीच दुसरी आपल्या हाती असावी असे शेकडो लोकांना का वाटते, हे प्रश्न संगीताच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहिले आहेत. या गिटारीच्या निमित्ताने त्यांचा थोडा विचार करता येईल.

हप्त्याने घेतलेले वाद्य

रॉरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी डोनेगल परगण्यातील बॅलीशॅनन या गावी झाला. तेथे अर्न नदीवर जलविद्युत प्रकल्पाचे काम चालू होते आणि त्याचे वडील त्या कामावर होते. पुढे आई मुलांना घेऊन कॉर्कला आली. घरी श्रीमंती नव्हती. रेडिओवर कानी पडणारे अमेरिकी ब्लूज आणि रॉक संगीत हीच या मुलाची शाळा.

त्या काळी आयर्लंडमध्ये ‘शोबँड’ नावाची वाद्यवृंदांची पद्धत जोरात होती. सात-आठ वादक एकसारखे कोट घालून गावोगावच्या नृत्यगृहांत लोकप्रिय गाणी वाजवत. यांतील कित्येक नृत्यगृहे धर्मग्रामांच्या देखरेखीखाली चालत. उपवासकाळात नृत्याला बंदी असे, तेव्हा हे वाद्यवृंद पोटासाठी समुद्र ओलांडून इंग्लंडला जात. रॉरी अशाच एका वाद्यवृंदात वयाच्या पंधराव्या वर्षी दाखल झाला.

अमेरिकी गिटारी त्या भागात दुर्मीळ होत्या. शेजारच्या ब्रिटनमध्ये तर १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर बंधने होती. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणलेली ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार बहुतेकांनी केवळ छायाचित्रांत पाहिलेली. कॉर्कच्या दुकानात आलेली गिटार १९६१ च्या घडणीची होती. तिचा क्रमांक ६४३५१. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असे मानले जाते. ती आली तीही एका चुकीमुळे. वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडमधील जिम कॉनलन यांनी लाल रंगाची गिटार मागवली होती. हाती पडली ती ही. लाल गिटार येईपर्यंत त्यांनी ती वाजवली आणि मग दुकानाकडे परत केली.

रॉरीने आईला एक हिशेब मांडून दाखवला. ही गिटार असली की मुख्य सूर आणि साथ दोन्ही आपण एकटेच वाजवू शकू. दुसऱ्या गिटारवादकाची गरज उरणार नाही, म्हणजे शेवटी हा सौदा स्वस्तातच पडेल! हिशेब बालिश होता, पण तो खरा ठरला. गिटार हप्त्यांवर घरी आली. पुढे तीन वादकांचे संच घेऊन त्याने जग पालथे घातले, तेव्हा दुसरा गिटारवादक त्याला खरोखरच लागला नाही.

घाम आणि पाऊस

साठीच्या दशकातच एकदा डब्लिनमध्ये गाडीतून ही गिटार चोरीला गेली. आयरिश दूरचित्रवाणीवरील पोलिसांच्या कार्यक्रमातून तिचे वर्णन प्रसारित झाले. काही दिवसांनी ती उघड्यावर, पावसात भिजत टाकून दिलेली सापडली. त्या दिवसानंतर रॉरीने ठरवले की, ही गिटार कधी विकायची नाही आणि तिला कधी नवा रंगही द्यायचा नाही.

नवा रंग न देण्याचा हा निर्धार पुढे इतिहास ठरला. रॉरीचे वादन अंग मोडून केलेले असे. चौकड्यांचा सदरा घामाने निथळत असे आणि तो घाम गिटारीवर झिरपत असे. त्याचा रक्तगट दुर्मीळ असल्याने घाम अधिक आम्लधर्मी होता, असेही सांगितले जाते. कारण काहीही असो, पाहता पाहता वरचा लॅकर सोलवटला, रंग उडाला आणि आतले लाकूड उघडे पडले. गिटारीची दांडी एकदा घामाच्या ओलीने इतकी फुगली की ती काढून वाळत ठेवावी लागली. पूर्ववत झाल्यावर ती पुन्हा जागेवर बसवण्यात आली. तारा ताणण्याच्या सहा खुंट्यांपैकी पाच एका बनावटीच्या आणि एक दुसऱ्या बनावटीची. बाराव्या पडद्यावरची एक खुणेची टिकली निघाली, तिच्या जागी प्लास्टिकची साधी टिकली आली. मोडले की दुरुस्त करावे आणि पुन्हा वाजवावे, असा हा एखाद्या शेतकऱ्याच्या अवजारासारखा संसार होता.

याच गिटारीसह त्याने १९६६ मध्ये ‘टेस्ट’ हा संच उभा केला, १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या विराट महोत्सवात वादन केले आणि १९७१ पासून स्वतःच्या नावाने कारकीर्द सुरू केली. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड बॉम्बस्फोट आणि गोळीबार यांनी होरपळत होता. बाहेरचे बहुतेक कलावंत बेलफास्टला जाण्याचे टाळत, पण रॉरी तेथे जात राहिला. अल्स्टर हॉलमधल्या त्याच्या मैफलींना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तरुण एकाच छताखाली बसत. १९७४ च्या जानेवारीतील आयरिश दौऱ्यावर टोनी पामर यांनी चित्रपट केला. त्यात ही रंग उडालेली गिटार ठळकपणे दिसते. बेलफास्टच्या ज्या पिढीने भीतीच्या दिवसांत तिचा आवाज ऐकला, तिच्या दृष्टीने त्या उघड्या पडलेल्या लाकडाला एक वेगळाच अर्थ होता.

१४ जून १९९५ रोजी लंडन येथे रॉरीचे निधन झाले. यकृत-प्रत्यारोपणानंतर झालेला जंतुसंसर्ग हे निमित्त झाले. तो केवळ ४७ वर्षांचा होता. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिग येथे त्याला मूठमाती देण्यात आली. गिटार त्याचे बंधू आणि व्यवस्थापक डोनल यांच्याकडे राहिली.

जुनेपणा घडवणारा कारखाना

कलावंताचे नाव गिटारीला देण्याची पद्धत जुनी आहे. गिब्सन कंपनीने १९५२ मध्येच लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली होती. फेंडर कंपनीने अशी पहिली गिटार १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या नावाने काढली. मात्र ही नवी कोरी वाद्ये होती. कलावंताच्या आवडीनिवडी लक्षात घेऊन तयार केलेली. चाहत्यांना हवे होते ते निराळेच. त्यांना त्याच गिटारीची प्रत हवी होती. तिच्या ओरखड्यांसह, डागांसह आणि विजोड खुंटीसह.

ही इच्छा पुरी करणारी व्यवस्थाही त्याच सुमारास आकाराला आली. फेंडर कंपनीने १९८७ मध्ये ‘कस्टम शॉप’ हा निवडक कारागिरांचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता. १९९५ मध्ये, म्हणजे रॉरी गेला त्याच वर्षी, या विभागाने मुद्दाम जुनाट केलेल्या गिटारी बाजारात आणल्या आणि त्यांना नाव दिले ‘रेलिक’. आपल्या वाचकांना हा शब्द नवा नाही. संतांच्या पवित्र अवशेषांसाठी वापरला जाणारा शब्द कारखान्यातील मालाला लागला, यातला विरोधाभास कोणालाही जाणवेल. मूळ अवशेष एकच असतो, येथे तर मागणीनुसार अवशेष घडवले जाऊ लागले.

रॉरीच्या गिटारीची प्रतही डोनल यांच्या संमतीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निघाली. लाकूड, दांडीचा आकार, तारांची कंपने टिपणारी पिकअप या सर्वांची बारकाईने नक्कल झाली. खुंट्यांचा विजोडपणाही सोडला नाही. ज्या झिजेला तीन दशके, हजारो मैफली आणि एक पावसाळी चोरी लागली, ती आता कारागिराच्या हाताखाली काही दिवसांत तयार होऊ लागली. किंमत मात्र काही हजार डॉलरांच्या घरात. ज्या मुलाने हप्त्याने गिटार घेतली, त्याच्यासारख्या आजच्या मुलाला ही प्रत हप्त्यानेही परवडणे कठीण!

या प्रकारावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. दुसऱ्याच्या घामाची खूण विकत घेऊन आपल्या अंगावर मिरवणे हे खोटे आहे, असे काहींचे म्हणणे. गिटार झिजवायची तर स्वतः वाजवून झिजवावी, हा त्यांचा आग्रह. दुसरी बाजू सांगते की, झिजलेली दांडी हाताला वेगळी लागते, त्या घडणीचा आवाजही वेगळा असतो, आणि आवडत्या कलावंताच्या वाद्याशी असे नाते जोडण्यात कोणाचेही नुकसान नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

पागानिनीचे व्हायोलिन

हा वाद विद्युत गिटारीने जन्माला घातला असे समजण्याचे कारण नाही. इटलीतील थोर व्हायोलिनवादक निकोलो पागानिनी यांच्याकडे ग्वार्नेरी यांनी १७४३ मध्ये घडवलेले एक व्हायोलिन होते. त्याच्या दणदणीत आवाजामुळे त्याला ‘तोफ’ असे नाव पडले. दुरुस्तीसाठी ते पॅरिसच्या वियोम या कारागिराकडे गेले असता त्याने त्याची हुबेहूब प्रत तयार केली. खुद्द पागानिनीलाही दोन्हींतला फरक चटकन ओळखता येईना, अशी आख्यायिका आहे. ती प्रत पुढे पागानिनीचा शिष्य कामिल्लो सिव्होरी याच्याकडे आली आणि त्याने ती आयुष्यभर मैफलींत वाजवली. मूळ व्हायोलिन पागानिनीने मृत्युपत्राने आपल्या जिनोव्हा शहराला दिले.

ही वाटणी मोठी शहाणपणाची होती. मूळ वस्तू शहराकडे गेली, म्हणजे ती कोणा एकाची राहिली नाही. प्रत शिष्याकडे गेली, म्हणजे परंपरा वाजती राहिली. जेथे मूळ वस्तूचे पालकत्व ठरलेले असते, तेथे प्रतीवरून भांडण होत नाही.

लिलावाची हातोडी

रॉरीच्या गिटारीचे हे पालकत्व दीर्घकाळ अनिश्चित होते. डोनल यांनी ती जवळजवळ तीस वर्षे जपली. २०११ मध्ये अमेरिकी वादक जो बोनामासा यांना लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमधील मैफलींत ती वाजवण्यास दिली, पण असे प्रसंग विरळाच. २०२४ मध्ये त्यांनी तिचा लिलाव जाहीर केला, तेव्हा आयर्लंडमध्ये अस्वस्थता पसरली. ज्या गिटारीच्या कांस्य प्रतिमा चौकात उभ्या आहेत, ती गिटारच देशाबाहेर एखाद्या धनिकाच्या तिजोरीत जाणार की काय? ती देशात राहावी अशी मागणी राजकीय नेत्यांपर्यंत पोहोचली. जिच्या वडिलांनी एकसष्ट वर्षांपूर्वी ती गिटार विकली होती, त्या क्राउलींच्या कन्येने लोकवर्गणीची मोहीम हाती घेतली. परंतु लाखो पौंडांपुढे लोकांची वर्गणी अपुरी पडली.

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनच्या बॉनहॅम्स या संस्थेत लिलाव झाला. सर्व आकार धरून किंमत ठरली ८,८९,४०० पौंड. खरेदीदार होती लाइव्ह नेशन गेएटी प्रॉडक्शन्स ही संगीत कार्यक्रम भरवणारी कंपनी, आणि तिने ही गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाला भेट देण्याचे जाहीर केले. जे पागानिनीने मृत्युपत्राने साधले, ते येथे लिलावाच्या वळणाने आणि एका व्यापारी संस्थेच्या औदार्याने साधले. चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी एक गोष्ट मनात राहतेच. हे औदार्य झाले नसते तर एका समाजाची आठवण सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याच्या हाती गेली असती, आणि ती अडवण्याचा दुसरा कोणताही उपाय त्या समाजाकडे नव्हता. आपल्या ठेव्यांचे पालक कोण, हे वेळीच न ठरवणाऱ्या प्रत्येक समाजाने यातून बोध घ्यावा.

आता मूळ गिटार संग्रहालयाच्या स्वाधीन आहे. तिच्यावर आता कोणाचा घाम सांडणार नाही. तिची झीज थांबली आहे. तिकडे बॅलीशॅननला २००२ पासून दरवर्षी रॉरीच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो. ठिकठिकाणचे वादक तेथे जमतात आणि त्याची गाणी वाजवतात. कोणाच्या हाती कस्टम शॉपची महागडी प्रत असेल, तर कोणाची साधी स्वस्त गिटार स्वतःच्याच सरावाने झिजलेली असेल. पंधराव्या वर्षी आईला हिशेब समजावून सांगणाऱ्या मुलाला यांपैकी कोणती अधिक जवळची वाटली असती, हे सांगणे फारसे अवघड नाही.