डोहाळे पुसण्याचा शिरस्ता

बिदर जिल्ह्याच्या उत्तरेस वसलेला औराद तालुका आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या एकाच जिल्ह्यात नांदत होते; त्या साली राज्यपुनर्रचनेने मध्ये सरहद्द आखली, महसुलाची दप्तरे विभागली गेली, परंतु लेकी देण्याघेण्याचे संबंध तुटले नाहीत, आणि त्यामुळे गर्भिणीच्या आहाराचा रिवाज दोन्ही अंगांना बव्हंशी एकच राहिला. मराठी घरात डोहाळजेवण होई, शेजारच्या कन्नड घरात कुबसा. दोन्हीकडे ओटी भरली जाई आणि ताटात पुरणपोळी पडे.

मला मात्र या समारंभाहून मोलाचा वाटतो तो त्यामागचा शिरस्ता: जाणत्या बाईने पोटुशीजवळ बसून, ‘काय खावंसं वाटतं गं?’ असे पुसावे. चौथ्या महिन्यात गर्भिणीची इच्छा मोडू नये, असे सुश्रुतसंहिता सांगते. आणि ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गातला दिलीप राजा, सुदक्षिणा लाजून काही बोलत नाही म्हणून, तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारीत राहतो. ती माती खाते, असे कालिदासाने वर्णिले आहे. मातीच्या या ओढीत आजचा वैद्य रक्तातील लोहाची उणीव शोधतो. विचारपूस हीच त्या काळची तपासणी होती.

अर्थात सारेच काही गोमटे नव्हते. सून सर्वांमागून जेवी; टोपल्यातली उरलीसुरली ज्वारीची भाकरी आणि पातेल्याच्या तळाचे तुरीचे वरण तिच्या वाट्याला येई, आणि मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल या भयाने तिचा घासही आखडला जाई.

या समजुतींशी झगडण्याच्या कामी एके काळी पडदाही आला होता, हे आज कुणाला आठवत नसेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. त्यांत शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. शेती, आरोग्य आणि पोषण हे त्यांचे विषय, आणि संच सार्वजनिक. साऱ्या गावाने एकत्र बसून तो पाहायचा.

आज तोच पडदा तळहातावर आला आणि एकट्याचा झाला. पोटुशी मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहतो, नजर मोबाइलवर खिळते. तृप्तीची जाणीव उशिरा होते, शेपूची भाजी ताटात सुकते आणि बिस्किटांचा पुडा मात्र नकळत संपतो. यात त्या मुलीला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. जिच्याजवळ बसून पुसणारे कुणी उरले नाही, ती पडद्याची सोबत धरणारच.

म्हणूनच कर्नाटक सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या मातृपूर्ण योजनेचे मला अगत्य वाटते. गर्भिणीने अंगणवाडीत येऊन भात, सांबार, अंडे, दूध, चिक्की असे ऊन जेवण चारचौघींत बसून घ्यावे, अशी ती तजवीज. अंगणवाडीसेविकेच्याही हाती २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आहे आणि लाभार्थी बाईची नोंद त्यात होते. पण तिने आज अर्धा भात का टाकला, हे सेविकेला तिच्या शेजारी बसूनच विचारावे लागते.